ओळख चोरीला गेलेल्यांसाठी मदत गट उभा करायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट छोटासा आहे, कुणीही यातलं शिकून आलेलं नाही, निम्म्या लोकांच्या नावावर कधी ना कधी कुणीतरी उद्योग करून ठेवलेत म्हणून ते यात पडले. खालचे प्रश्न लोक आम्हाला परत परत विचारतात, काही आम्हीच एकमेकांना विचारलेत आणि त्यावर भांडलोयसुद्धा.

कार्डवरून पैसे गेले म्हणजे ओळख चोरीला गेली का?

तेवढ्यानं नाही. कार्ड वापरून कुणी खरेदी केली, तुम्ही वेळेत कळवलं, कार्ड ब्लॉक झालं, पैसे परत आले, की विषय बहुतेक वेळा मिटतो. ओळख चोरीत समोरचा माणूस 'तुम्ही' बनून वावरतो. तुमचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर, सही यातलं जे हाताला लागलं ते वापरून कर्ज काढतो, सिम घेतो, घर भाड्यानं घेतो, नोकरीला लागतो, आणि पकडला गेला तर पोलिसांना बिनधास्त तुमचं नाव सांगतो. दवाखान्यातला प्रकार तर डेंजर, कारण त्याचा रक्तगट आणि त्याची ॲलर्जी तुमच्या फाइलीत जाऊन बसते. लहान मुलांच्या नावावर झालं तर ते मूल मोठं होऊन पहिल्यांदा कर्ज मागायला जाईपर्यंत कुणाला पत्ताच नसतो. वारलेल्या माणसाचं नावही वापरतात, आणि मग घरचे एकीकडे दुःखात आणि दुसरीकडे वसुलीवाल्यांचे फोन घेतायत असं होतं.

पोलीस आहेत, बँक आहे, मग वेगळा गट कशाला?

कारण प्रत्येकाकडे फक्त आपापला तुकडा असतो. बँक म्हणते आधी पोलीस तक्रारीची कॉपी आणा, पोलीस म्हणतात बँकेकडून व्यवहाराचा तपशील आणा, क्रेडिट रिपोर्टवाले (कुणाच्या नावावर कुठलं कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) म्हणतात ज्यानं कर्ज दिलं त्यालाच सांगा, आणि कर्ज देणारा म्हणतो आमच्या सिस्टिममध्ये तर तुम्हीच दिसताय. हे सगळे तुकडे जोडायचं काम येतं त्या माणसावर, ज्याची आधीच झोप उडालीय. आणि त्याला सिद्ध काय करायचं असतं, तर 'मी तो नव्हे'. न केलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून?

आमच्याकडे आलेल्या एक बाई सांगत होत्या, काउंटरवर त्यांना एका कागदावर दहा वेळा सही करायला लावली, कर्जाच्या फॉर्मवरच्या सहीशी जुळवून बघायला. भीतीनं हात इतका थरथरत होता की दहातल्या चार सह्या त्यांच्या स्वतःच्या सहीसारख्यासुद्धा दिसेनात. त्या म्हणाल्या, 'मलाच वाटायला लागलं की मीच खोटी आहे की काय.' अशा वेळी शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असणं, एवढंच खरं तर गटाचं काम आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

कायद्यालाही हे उशिराच कळलं. अमेरिकेत १९९८ मध्ये ओळख चोरी हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा झाला, तोवर बऱ्याच प्रकरणांत नुकसान बँकेचं धरायचे आणि ज्याचं नाव वापरलं तो माणूस जमेतच नसायचा. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, सॅन डिएगोत आयडेंटिटी थेफ्ट रिसोर्स सेंटर ही ना-नफा संस्था सुरू झाली, ती अजून अशा लोकांना फुकट मदत करते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आयडीकेअर हेच काम करते, तिथे तुमच्या केसचा विचार करून पुढची पावलं सांगणारा माणूस मिळतो. अशी सोय प्रत्येक देशात नाहीये, असली तरी फोन उचलणारे मोजकेच, आणि काउंटरपर्यंत सोबत यायला तर जवळचंच माणूस लागतं.

इतकं होतं तरी का हे? आम्हाला वाटलं क्वचित कुणाचं तरी होत असेल.

अमेरिकी सरकारच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये तिथल्या १६ वर्षं आणि त्यावरच्या साधारण २ कोटी ३९ लाख लोकांनी मागच्या बारा महिन्यांत ओळख चोरी झाल्याचं सांगितलं, म्हणजे जवळपास ९ टक्के. ही पाहणी आम्ही वर वेगळा काढलेला कार्डाचा गैरवापरही ओळख चोरीतच धरते, त्यामुळे यात कार्डाचा किंवा खात्याचा गैरवापर सगळ्यात जास्त, नावावर नवीन खाती उघडणं त्यापेक्षा बरंच कमी, पण निस्तरायला तेच जड जातं.

सुरुवात किती लोकांनी करायची?

चार जण पुरतात. पण चौघांनी एकच काम करू नये. एक फोनवर नीट बोलू शकणारा, ज्याला गप्प बसून ऐकता येतं असा. एक कागदांचा किडा, ज्याला तारखा, रेफरन्स नंबर, कॉप्या यांत मजा वाटते (असा माणूस प्रत्येक ओळखीत एक तरी असतोच, त्याला पकडा). एक मोबाइल-ईमेलच्या सेटिंग्ज समजणारा. आणि एक ज्याच्या स्वतःवर हे ओढवून गेलंय. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा, कारण 'होतं नीट, माझं झालं' हे वाक्य फक्त त्यालाच शोभतं, बाकीच्यांनी म्हटलं की ते नुसतं समजूत घातल्यासारखं वाटतं.

वकील गटात असलाच पाहिजे असं नाही, पण अडलं तर विचारता येईल असा एखादा ओळखीचा हवा, आणि तसाच एखादा समुपदेशकही. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की महिन्यातून एखादा फोन येईल. केस अंगावर आल्यावर वकील शोधायला निघालात तर दोन दिवस त्यातच जातात.

पहिल्या फोनवर काय बोलायचं?

कमी बोलायचं. 'ओटीपी दिलाच कशाला', 'लिंकवर क्लिक करायच्या आधी विचार नाही केला का' हे प्रश्न त्या माणसानं स्वतःला रात्रभर विचारलेले असतात, तुम्ही अजून एकदा विचारून काही हाती लागत नाही. आणि कित्येकदा त्याची चूक नसतेच, माहिती एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून गेलेली असते. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीमधून जवळपास १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली, त्यातल्या कितीतरी जणांनी आपण होऊन त्या कंपनीला काही दिलेलंही नव्हतं.

संकटातल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा यासाठी जागतिक आरोग्य संघटना तीन गोष्टी सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. आम्ही फोनवर तेच करतो. माणूस सुरक्षित आहे का, एकटा आहे का, रडतोय का ते आधी बघायचं, मग त्याला शेवटपर्यंत बोलू द्यायचं, आणि फोन ठेवायच्या आधी पुढची एकच पायरी सांगायची. एकच म्हणजे एकच, दहा सांगितल्या तर तो एकही करत नाही, अनुभव आहे. आणि कुणी जगण्याचाच कंटाळा आलाय असं बोललं तर बँक-बिंक सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, लगेच मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनशी किंवा डॉक्टरशी जोडून द्या. हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये, होतं असं.

अजून एक, आम्ही समोरच्याला 'पीडित' म्हणत नाही. फॉर्मवर लिहावं लागतं ते ठीक, बोलताना नावानंच.

पहिल्या दोन दिवसांत कुठल्या क्रमानं कामं करायची?

आधी फोन नंबर आणि ईमेल. लोक उठून थेट बँकेत पळतात, पण सिम दुसऱ्याच्या हातात असेल तर बँकेनं बदलून दिलेला पासवर्डही त्याच्याचकडे जातो. मोबाइलची रेंज अचानक गेली आणि बाकीच्यांची आहे, तर दुसऱ्या फोनवरून ताबडतोब मोबाइल कंपनीला विचारा की डुप्लिकेट सिम निघालंय का. मग ईमेलचा पासवर्ड, आणि त्यात मेल गुपचूप दुसरीकडे फॉरवर्ड होण्याचा नियम कुणी टाकून ठेवलाय का तेही बघायचं, हे नव्वद टक्के लोक विसरतात (आकडा माझ्या मनाचा, पण तुम्हीच तपासा स्वतःचं). त्यानंतर बँक आणि कार्ड, मग पोलीस तक्रार, मग क्रेडिट रिपोर्ट मागवणं आणि जिथे सोय आहे तिथे तो फ्रीज करणं, म्हणजे तो बघून कुणी तुमच्या नावावर नवं कर्ज देऊ नये म्हणून बंद ठेवणं. पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र बँकेचा आणि सायबर हेल्पलाइनचा फोन त्याच मिनिटाला करायचा, दुसऱ्या माणसानं दुसऱ्या फोनवरून, म्हणून तर म्हणतो गट हवा.

ती 'वही' काय प्रकार आहे? सगळे सांगतात वही करा म्हणून.

साधी दोनशे पानी वही. प्रत्येक फोनला एक ओळ: तारीख, वेळ, कुठे केला, समोरचा कोण बोलला, काय म्हणाला, तक्रार क्रमांक, पुढे कधी फोन करायचा. फोन स्पीकरवर ठेवायचा, ज्याचं प्रकरण आहे तो बोलतो आणि शेजारी बसलेला लिहितो. फोन ठेवायच्या आधी लिहिणाऱ्यानं वही पुढे सरकवायची आणि जे रिकामं राहिलंय त्यावर बोट ठेवायचं, म्हणजे बोलणाऱ्याला आठवतं, 'मॅडम, तुमचं नाव आणि तक्रार क्रमांक परत सांगता का?' बास, एवढंच. पण तीन महिन्यांनी कुणी म्हणालं की तुमचा फोनच आला नव्हता, तर तुम्ही पान उघडून वाचून दाखवता आणि समोरच्याचा आवाज बदलतो. माझ्या स्वतःच्या प्रकरणात एका वित्तसंस्थेनं चार वेळा तीच कागदपत्रं मागवली, पाचव्यांदा मी चारही तारखा आणि चौघांची नावं वाचून दाखवली, त्यानंतर आठ दिवसांत पत्र आलं.

फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलनं कळवून टाका, 'आज आपलं असं असं बोलणं झालं' म्हणून. तोंडी आश्वासनाला काही किंमत नसते. आणि प्रकरण मिटलं की 'हे कर्ज यांचं नाही' असं लेखी पत्र घेतल्याशिवाय सोडायचं नाही, कारण तेच कर्ज वसुलीवाल्याला विकलेलं असेल तर दोन वर्षांनी परत फोन सुरू होतात.

लोकांच्या ओळखपत्रांच्या कॉप्या गटानं ठेवायच्या का?

नाही. नाही. आणि नाही.

यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं होतं. एकाचं म्हणणं, ड्राइव्हवर फोल्डर करू, प्रत्येकाचे कागद तयार असले की काम पटापट होईल. बरोबर आहे, होईल, पण ज्यांची ओळख आधीच एकदा चोरीला गेलीय अशा पन्नास लोकांचे कागद एका फोल्डरमध्ये, आणि तो पासवर्ड चौघांकडे! चोराला यापेक्षा चांगलं दुकान कुठे मिळणार? आम्ही फक्त नाव, फोन आणि केस कुठवर आलीय एवढंच ठेवतो. वहीसुद्धा ज्याची त्याच्याकडे. कॉपी कुठे द्यायचीच असली तर तिच्यावर आडवं लिहा, कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला. आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणी ओळखपत्राचा फोटो टाकला तर आधी डिलीट, मग समजावणं. पासवर्ड, पिन, ओटीपी तर कुणी स्वतःहून सांगायला लागलं तरी कानावर हात ठेवा.

गटात चोरच शिरला तर?

शिरतो, आणि बहुतेकदा मदतनीस बनून शिरतो. 'तुमचे गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी आधी भरा' म्हणणारा माणूस म्हणजे दुसरी फसवणूक. एकदा फसलेल्यांची यादी अशा लोकांमध्ये फिरते, त्यामुळे काही दिवसांत फोन येतोच, कधी पोलीस अधिकारी म्हणून, कधी वकील म्हणून, कधी हॅकर म्हणून. सदस्यांना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा. नवा स्वयंसेवक आला तर पहिले काही महिने त्याला एकट्याला कुठलीच केस द्यायची नाही, जोडीनं काम, राग आला तर येऊ दे.

घरातल्याच माणसानं केलं असेल तर?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, आवाज खाली करून विचारतात. आणि तो जितका वाटतो तितका क्वचित येत नाही. घरात ओळखपत्र कुठल्या कप्प्यात आहे ते माहीत असतं, सही हजारदा बघितलेली असते, फोनचा पॅटर्न माहीत असतो. भावानं बहिणीच्या नावावर कर्ज काढलेलं असतं, मुलानं आईच्या, नवऱ्यानं बायकोच्या.

अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी पोलीस तक्रारीशिवाय कर्ज नावावरून उतरत नाही, आणि तक्रार म्हणजे भावाचं नाव. इथे गटातले लोक पटकन न्यायाधीश होतात. एक म्हणतो आत टाका त्याला, दुसरा म्हणतो घरची गोष्ट घरात मिटवा. दोन्ही म्हणायचं नाही. तक्रार केली तर काय काय होऊ शकतं, नाही केली तर कर्जाचं, व्याजाचं आणि क्रेडिट रिपोर्टचं काय होईल, हे दोन्ही कागदावर समोरासमोर लिहून द्यायचं आणि वकिलाशी एकदा बोलायला लावायचं. निर्णय त्यांचा. एका ताईंनी असा कागद पाच आठवडे पर्समध्ये ठेवला होता, आम्ही एकदाही विचारलं नाही, सहाव्या आठवड्यात त्यांनीच फोन केला, 'उद्या येता का सोबत?'

पण मारहाण, धमकी, पैशाची कोंडी असं काही असेल तर प्रश्न निव्वळ ओळख चोरीचा राहत नाही. मग घरगुती हिंसाचारावर काम करणाऱ्यांना आधी जोडायचं, आणि त्या बाईच्या फोनवर मेसेज टाकायच्या आधी तो फोन दुसरं कुणी बघतं का ते विचारायचं. पत्रं घरच्या पत्त्यावर मागवायची का, हाही प्रश्न त्यातच आला.

मदतीचे पैसे घ्यायचे का?

नाही. झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च ज्याचा त्यानं.

बँक, पोलीस यांच्याशी संबंध कसे ठेवायचे?

भांडायला जायच्या आधी एकदा नुसतं भेटायला जा. केस नसताना. 'आम्ही असं असं काम करतो, अशी केस आली तर तुमच्याकडे कुणाशी बोलायचं?' एवढं विचारा आणि ते नाव लिहून ठेवा. मग केस नेताना एका पानाचा सारांश न्या: काय झालं, कधी कळलं, कुठे कुठे कळवलं, आता तुमच्याकडून काय हवंय. एक पान, पाच नाही. समोरच्याकडेही दिवसाला तीस माणसं येतात, त्याला शेवटची ओळ लगेच सापडली की तो पण माणसासारखा वागतो. दरवेळी वागेलच असं नाही, तेव्हा वहीत लिहायचं आणि वरच्या पायरीवर जायचं.

कायद्यानं काय मिळतं?

देशागणिक वेगळं, म्हणून गटानं आपल्या देशाचे नियम एका कागदावर काढून ठेवावेत. अमेरिकेत २००३ च्या कायद्यानं, ज्याचं नाव वापरलं गेलं त्याला कंपनीकडून त्या खोट्या व्यवहारांचे कागद मागता येतात, आणि २०१८ पासून क्रेडिट फ्रीज करणं मोफत आहे. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क, म्हणजे इंग्रजीत ज्याला सिक्स्टी-सिक्स सी म्हणतात ते, दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीनं वापरण्याबद्दल आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवायला ओळख चोरीला जायची वाट बघायची गरज नाही हो.

सगळ्यांनी एकत्र भेटायचं का?

महिन्यातून एकदा, दीड तास, त्याहून जास्त नको. आम्ही सुरुवातीला तज्ज्ञ बोलावून भाषणं ठेवली, लोक जांभया देत बसायचे. आता गोल बसतो, ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नाही तो नुसता बसतो. एकदा एक काका तीन बैठका काहीच बोलले नाहीत, चौथ्या वेळी एकानं वसुलीवाल्याच्या फोनची नक्कल केली आणि काका इतके हसले की डोळ्यात पाणी आलं, त्यानंतर त्यांचं बोलणं सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. फोटो काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग नाही, इथलं बोलणं बाहेर नाही.

स्वयंसेवकच थकतात, त्याचं काय?

थकणारच. एका वेळी एकाकडे दोनच चालू केसेस, रात्री नऊनंतर फोन नाही (पैसे आत्ता जातायत असं असेल तरच), आणि ज्याच्या स्वतःच्या प्रकरणाला अजून वर्ष झालं नाही त्याला केस द्यायची नाही, तो कितीही मागे लागला तरी. त्याला वाटतं आपण दुसऱ्याचं सोडवतोय, पण तो स्वतःचंच परत जगत असतो. मी हे ऐकलं नव्हतं, दोन महिने झोपेची गोळी घ्यावी लागली.

केस संपली असं कधी समजायचं?

लेखी पत्र आलं, क्रेडिट रिपोर्टमधून ती नोंद गेली, आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मागवलेल्या रिपोर्टमध्येही ती परत उगवली नाही, तेव्हा आमच्या यादीत आम्ही बरोबरची खूण करतो. पुढे वर्षभर दर चार महिन्यांनी आमच्यातला एक जण फोन करतो, 'रिपोर्ट बघितलात का?' एवढंच विचारायला. बहुतेक जण म्हणतात हो, बघितला, आणि मग दहा मिनिटं दुसरंच काहीतरी बोलत बसतात.